बायको पक्षात गेली

माझी बायको लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीची मुख्य होती. ती खुर्ची सोडून ती पक्षात गेली तेव्हा ओळखीच्या लोकांनी तिला काही विचारलं नाही, मलाच गाठलं. माझं चष्म्याचं दुकान आहे. रोज कोणी ना कोणी काच पुसून घ्यायच्या निमित्ताने यायचं आणि हळूच विचारायचं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीकच होतं. झालं होतं ते असं, की हिला कंटाळा आला होता. इंजिनीअर म्हणून लागलेली ही बाई अंगात निळा कोट घालून कारखान्यात फिरायची, तिथून चढत चढत वर गेली, आणि वर पोचल्यावर पुढे जिना नव्हता. त्यात लिफ्टच्या तपासणीचा एक कायदा हिला हवा होता. कंपनी कोणतीही असो, दरवर्षी सरकारी माणसाने येऊन दोर आणि ब्रेक पाहून जायला हवेत, एवढंच. त्यासाठी ही मंत्रालयात इतके खेटे घालून आली होती, की तिथले शिपाई हिला ओळखायला लागले. अधिकारी मान डोलवायचे आणि फाइल बाजूला ठेवायचे. अशाच एका बैठकीत विरोधी पक्षाचे राज्याचे अध्यक्ष होते. उंच, बसक्या आवाजाचे, बोलताना समोरच्याच्या कोपराला हात लावायची सवय असलेले. बैठक संपल्यावर ते हिला म्हणाले, "बाई, बाहेरून दार किती दिवस वाजवणार? आत या."

ही घरी आली, चपला काढल्या आणि मला ते वाक्य सांगितलं. सांगताना हिचा चेहरा मी पाहिला आणि समजलो, की विचारायची वेळ निघून गेलेली आहे, आता फक्त कळवणं चाललंय.

खरी पंचाईत होती ती दादांची. दादा म्हणजे हिचे थोरले भाऊ. शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त. गेली कित्येक वर्षं ते दुसऱ्या पक्षाचे कार्यकर्ते. आमच्या भागातल्या त्यांच्या कार्यालयाची किल्ली त्यांच्याकडे असते. पावसाळी छत्र्यांवर पक्षाचं चिन्ह छापायची कल्पनाही त्यांचीच, आणि त्या छत्र्या पहिल्याच वाऱ्यात उलट्या झाल्या हे आम्ही त्यांना अजून विसरू दिलेलं नाही. दर रविवारी सकाळी ते आमच्याकडे चहाला येतात. त्या रविवारी हिने त्यांना सांगितलं. दादांनी चहा संपवला, कप बशीत नीट मधोमध ठेवला.

"आमचा पक्ष काय वाईट होता?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या पक्षाने मला विचारलं नाही, दादा."

"आणि विचारलं असतं तर?"

"तर नाही म्हटलं असतं. तुमच्याकडे सगळे फार बोलतात."

 दादा म्हणाले, की बोलणं तर तिकडेही कमी नाही, तुला कळेलच. आणि पुढच्या रविवारी नेहमीच्या वेळेला आले.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सुरुवातीला हिच्या नाकी नऊ आले. कंपनीत ही "हे कोण करणार?" असं विचारायची तेव्हा खोलीत शांतता पसरायची आणि मग एक जण हात वर करायचा. पक्षाच्या बैठकीत हिने तोच प्रश्न विचारला तर सगळेच म्हणाले, "करू की, ताई!" आणि कोणीच केलं नाही. दहाची बैठक लोक जमतील तेव्हा सुरू व्हायची. बैठकीत सगळ्यांचं एकमत व्हायचं आणि बाहेर पायरीवर उभं राहून त्याच विषयावर भांडणं व्हायची. ही घरी येऊन डोक्याला तेल चोळत बसायची. पण गंमत अशी, की चिडलेली असली तरी ही मरगळलेली नसायची. पूर्वी ही घरी यायची ती थकून गप्प. आता जेवताना माझ्यासमोर अख्खी बैठक करून दाखवायची, प्रत्येकाच्या आवाजात.

विधानसभेची निवडणूक आली आणि अध्यक्षांनी आमच्याच भागातून हिला उमेदवारी दिली. वर्तमानपत्रात हिचा फोटो आला. तो फोटो काढला होता माझ्या दुकानासमोरच्या स्टुडिओत, आणि काढणारा माणूस या गोष्टीत महत्त्वाचा आहे.

त्यांना सगळा भाग फोटोवाले म्हणूनच ओळखतो. माझ्यापेक्षा दोनचार वर्षांनी मोठे असतील. केस अजून काळेभोर, म्हणजे त्यांनी काळे ठेवलेले, आणि त्यावरून कोणी चेष्टा केली तर दोन दिवस बोलत नाहीत. पक्षाचे या भागातले प्रमुख तेच. लोकांची रेशनची कामं असोत, नळाची असोत, फोटोवाले स्टुडिओचं शटर अर्धं ओढून बरोबर निघायचे. पुढचं तिकीट आपल्याला मिळणार असं ते इतकी वर्षं धरून चालले होते, आणि दर वेळी वरून कोणीतरी दुसराच यायचा. या खेपेला तो दुसराच म्हणजे माझी बायको.

उमेदवारी जाहीर झाली त्या दिवशी दुपारी ते माझ्या दुकानात आले. डोळे तपासायच्या उंच खुर्चीवर बसले आणि म्हणाले, नंबर बघा. मी दिवा लावला, त्यांना एकेक ओळ वाचायला सांगितली. शेवटची बारीक ओळसुद्धा त्यांनी घडाघडा वाचली. मी म्हटलं, नजर उत्तम आहे.

"मग हे मला येताना दिसलं कसं नाही?" फोटोवाले म्हणाले.

 मी त्यांच्यासाठी चहा मागवला. त्यांनी तो घेतला, पैसे द्यायला खिशात हात घातला, मी नको म्हटलं, आणि ते रस्ता ओलांडून गेले. शटर त्या दिवशी पुन्हा वर गेलं नाही.

जेवताना मी हिला हे सांगितलं. हिचा घास हातात राहिला. तिकिटासाठी आधीपासून कोणी रांगेत आहे, हे हिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि विचारायला हवं होतं हे हिच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओ उघडायच्या आत ही तिथे जाऊन उभी राहिली. मी नाव मागे घेऊ का, असं हिने त्यांना सरळ विचारलं. फोटोवाल्यांनी कुलूप काढता काढता सांगितलं, की पक्षाने ठरवलंय, आता मागे फिरलात तर दोघांचंही हसं होईल. काम मी करीन, काळजी करू नका.

मात्र पहिला आठवडाभर त्यांचे गुडघे दुखत होते. सभेला नाहीत, फेरीला नाहीत. गुडघ्याचं दुखणं स्टुडिओत गिऱ्हाईक आलं की थांबायचं, हे मला समोरून दिसत होतं. मी हिला काही बोललो नाही. मग एका सकाळी ते स्वतःहून हजर झाले, हिच्या हातातली पत्रकं पाहिली आणि म्हणाले, हा रंग छपाईत मातीसारखा दिसतो, कोणी निवडला? तिथून ते कामाला लागले.

प्रचार म्हणजे इमारतींचे जिने चढणं. हिची ख्याती आधीच पोचलेली असायची, त्यामुळे दार उघडल्या उघडल्या लोक लिफ्टबद्दल बोलायचे. आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते. आमच्या लिफ्टचं दार मांजरासारखं ओरडतं. ही प्रत्येकाला मन लावून उत्तर द्यायची, कोणता भाग झिजला असेल ते सांगायची, आणि फोटोवाले मागे उभे राहून घड्याळाकडे बघायचे. शेवटी त्यांनी हिला जिन्यात थांबवून सांगितलं, की ताई, आपण मतं मागायला आलोय, दुरुस्तीला नाही.

दादाही त्याच जिन्यांवर होते, अर्थात दुसऱ्या पक्षाची पत्रकं घेऊन. त्यांच्या लोकांनी त्यांना व्यासपीठावरून बहिणीविरुद्ध चार शब्द बोलायला सांगितलं होतं. दादांनी साफ नकार दिला. घरोघरी जाऊन आमच्या उमेदवाराला मत द्या म्हणेन, ते माझं काम आहे, बहिणीबद्दल बोलणार नाही, ते माझं काम नाही, असं त्यांनी सुनावलं. एका दुपारी ही खाली उतरत होती आणि दादा वर चढत होते. दोघं वळणावर समोरासमोर आले. बरोबरचे कार्यकर्ते अवघडून भिंतीला चिकटले. दादांनी आपली पाण्याची बाटली हिला दिली, ही प्यायली, बाटली परत केली. "वर उजवीकडच्या घरात कुत्रं आहे," ही म्हणाली, "बेल वाजवून दोन पायऱ्या खाली या." दादांनी मान हलवली आणि वर गेले. त्या संध्याकाळी ही हे मला सांगताना हसत होती, आणि डोळेही पुसत होती.

आता ती दुपार सांगतो, जिने पुढचं सगळं बदललं. कालव्यापलीकडच्या जुन्या इमारतींमध्ये सभा होती. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, लोक जमत होते. तेवढ्यात कळलं, की मधल्या इमारतीची लिफ्ट बंद आहे आणि वरच्या मजल्यावरच्या एक आजीबाई, ज्यांना चालता येत नाही, त्या सकाळपासून दवाखान्यात जायच्या खोळंबल्या आहेत. लिफ्टचा माणूस आला होता पण त्याला दोष सापडत नव्हता. हिला राहवलं नाही. पाच मिनिटांत येते म्हणाली आणि गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत शिरली. मीही त्या दिवशी दुकान बंद ठेवून गेलो होतो. मी खाली खुर्च्यांमध्ये बसलेला. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, लोक चुळबुळायला लागले. शेवटी फोटोवाले उठले आणि माइकसमोर गेले.

त्यांनी भाषण केलंच नाही. ताई वर लिफ्टमध्ये हात घालून बसल्यात, तोवर माझ्यावर ओरडून घ्या, म्हणाले. आणि लोकांनी खरंच ओरडून घेतलं. एक बाई उभ्या राहिल्या आणि बसच्या थांब्यावर छप्पर घालून देतो म्हणाला होतात त्याचं काय झालं, असं त्यांनी हात नाचवत विचारलं. फोटोवाले म्हणाले, नाही जमलं. दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा साहेबांची बदली झाली, मग मीच कंटाळलो, चूक माझी. बाई म्हणाल्या, मग सांगायचं तरी. ते म्हणाले, लाज वाटली म्हणून तुमच्या गल्लीतून येणंच सोडलं होतं. अख्खं अंगण हसलं, त्या बाईसुद्धा हसल्या. मग दुसरा उठला, तिसरा उठला. कोणाला त्यांनी वचन दिलं, कोणाला नाही होणार म्हणून सांगितलं, एकाशी तर चांगलीच हुज्जत घातली.

ही खाली आली तेव्हा हात काळे झालेले, कपाळावर वंगणाचा डाग. लिफ्ट चालू झाली होती. पण ही पुढे गेली नाही. शेवटच्या खुर्च्यांच्या मागे उभी राहून ऐकत राहिली. फोटोवाल्यांनी पाहिलं, बोलावलं, तर हिने हातानेच चालू द्या म्हणून सांगितलं.

घरी परतताना ही गाडीत हातावरचं वंगण पुसत होती. मग म्हणाली, "माझ्याशी लोक नीट बोलतात. त्यांच्यावर रागावतात."

"मग चांगलं आहे की."

"नाही रे," ही म्हणाली. "आपल्या माणसावरच रागावतात."

निकाल लागला आणि ही हरली. फार नाही, थोडक्यात, पण हरली ती हरली. मतमोजणीच्या सभागृहातून आम्ही बाहेर पडलो तेव्हा ऊन चांगलंच होतं. जिंकलेल्यांचे ढोल वाजत होते. दादा गर्दीतून वाट काढत आले, हिच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत आपल्या लोकांत गेले. फोटोवाले मात्र रडले. हिलाच त्यांची समजूत काढावी लागली.

दोन दिवस ही झोपून राहिली. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या चेअरमनचा फोन आला. हिच्या जागी आणलेला माणूस कोणाला रुचला नव्हता, खुर्ची हिची वाट बघतेय, असं ते म्हणाले. सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं, की बाईंची हौस फिटली, आता परत जातील. खरं सांगायचं तर मीही धरलं होतं. कोट इस्त्रीला द्यायचा का, असं मी विचारलंसुद्धा.

ही म्हणाली, "तिथे मला सगळं येतं. इथे मला काहीच येत नाही. या वयात एवढं शिकायला दुसरीकडे कुठे मिळणार?"

चेअरमनना हिने नाही कळवलं आणि त्याच दुपारी पक्षाच्या कार्यालयात जाऊन बसली. तिथे निकालानंतर चिटपाखरू नव्हतं. फोटोवाले एकटेच भिंतीवरची पत्रकं खरवडून काढत होते. हिला पाहून त्यांच्या हातातली पट्टी तशीच राहिली. हरलेला उमेदवार तिसऱ्याच दिवशी कार्यालयात आलेला त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. हिने दुसरी पट्टी उचलली आणि पलीकडची भिंत घेतली.

अध्यक्षांनी पुढे हिला राज्याच्या समितीवर घेतलं. गावोगावच्या शाखा उभ्या करायचं काम दिलं, जे कोणालाच नको असतं. ही बसने फिरायला लागली. कोणत्या गावच्या थांब्यावर चहा बरा मिळतो, कुठला शाखाप्रमुख पुतण्याशी बोलत नाही, कुठे बाई प्रमुख केली तर काम होईल, हे सगळं हिला पाठ झालं. लिफ्टच्या कायद्याची फाइल अजून तिथेच होती, पण आता त्यासाठी पत्रं लिहिणारे लोक प्रत्येक गावात होते. हिचा रंग रापला. पक्षातले लोक हिच्याशी बैठकीत वाद घालू लागले, आणि ज्या दिवशी एका शाखेत हिच्यावर कोणीतरी आवाज चढवला त्या दिवशी ही घरी फार खुशीत आली.

मग आमच्या भागातला निवडून आलेला माणूस देशाच्या संसदेत गेला आणि जागा रिकामी झाली. पोटनिवडणूक लागली. उमेदवार ठरवायच्या समितीत आता ही होती. अध्यक्षांच्या मनात एक हॉटेलमालक होते. राज्यभर हॉटेलं, स्वच्छ माणूस, शिकलेला, बोलायला गोड. अध्यक्ष हिला फोनवर म्हणाले, "तुमच्यासारखेच आहेत, ताई."

"म्हणूनच नको," ही म्हणाली. "माझ्यासारख्यांना आधी दोन वर्षं बसने फिरवा."

अध्यक्षांना ते लागलं. पण हिने एवढ्यावर सोडलं नाही. कंपनीत ही एक गोष्ट पक्की शिकली होती, की निर्णय बैठकीत होत नसतो, बैठकीआधी होतो. समितीच्या प्रत्येक सभासदाला ही जाऊन भेटली. कोणाच्या घरी, कोणाच्या कार्यालयात, एकाला तर त्यांच्या मुलीच्या शाळेबाहेर. प्रत्येकाला हिने एकच सांगितलं, की मी त्या भागातून हरले कारण मी तिथली नव्हते, तिथे राहत असूनही. तुम्ही पुन्हा तेच करणार असाल तर माझं हरणं फुकट गेलं. बैठकीत अध्यक्षांनी हॉटेलमालकांचं नाव मांडलं तेव्हा खोलीत कोणी काही बोललं नाही. ते बोलणं आधीच झालेलं होतं. अध्यक्षांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, आणि हसले. मुरलेला माणूस. हिच्या कोपराला हात लावून म्हणाले, दाराच्या आत फारच लवकर रुळलात की.

तिकीट फोटोवाल्यांना मिळालं, हे त्यांना सांगायला ही स्वतः गेली. मी माझ्या काउंटरवरून बघत होतो. स्टुडिओत एका जोडप्याचा फोटो चालला होता. ही आत गेली, काहीतरी बोलली. फोटोवाल्यांनी मान वळवली नाही, जोडप्याला हलू नका म्हणून सांगितलं, फोटो काढला, पावती दिली, त्यांना दारापर्यंत सोडलं. मग स्टुलावर बसले. ही पलीकडच्या स्टुलावर बसून राहिली. थोड्या वेळाने ते उठले, कंगवा काढून आरशासमोर उभे राहिले आणि कॅमेऱ्याचं बटण कसं दाबायचं ते हिला दाखवू लागले. पत्रकावरचा त्यांचा फोटो हिने काढलेला आहे. किंचित हललेला आहे, पण त्यांनी दुसरा काढू दिला नाही.

ते निवडून आले. दादांच्या पक्षाला ते फार झोंबलं. त्या रविवारी दादा आले तेव्हा तोंड उतरलेलं होतं. फोटोवाल्यांना पाडणं आपल्याला कधीच जमणार नाही, असं त्यांनी माझ्याकडे कबूल केलं, कारण त्यांच्या स्वतःच्या घरातल्या दोन मतांपैकी एक वहिनींचं होतं, आणि वहिनींच्या पेन्शनचं काम फोटोवाल्यांनी केलेलं होतं. एवढं सांगून दादांनी दुसरा कप मागितला. मग भाऊबहीण तासभर कोणत्या तरी धरणावरून भांडले आणि मी वर्तमानपत्र वाचलं.

स्टुडिओ आता फोटोवाल्यांची सून चालवते. बसच्या थांब्यावर छप्पर आलं, जरासं तिरकं आलं, पण आलं. हिला लोक अजून विचारतात, तुम्ही पुन्हा कधी उभ्या राहणार? ही म्हणते, सध्या मी दुसऱ्यांना उभं करते आहे, ते पुरे आहे. हे म्हणताना हिच्या आवाजात कुठे खंत आहे का, म्हणून मी कान देऊन ऐकलं आहे. मला तरी सापडली नाही.

सोमवारी सकाळी मी हिला बसस्थानकावर सोडतो. खांद्याला एक पिशवी, हातात पाण्याची बाटली. खिडकीची जागा मिळाली की ही आतून हात करते आणि लगेच शेजारच्या बाईंशी बोलायला लागते. बस वळेपर्यंत मी थांबतो, मग येऊन दुकान उघडतो.